पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा डावा हात

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी, दवाखाना बंद करायच्या वेळेला, एक गृहस्थ आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाचा उजवा कोपर दुखत होता. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथे मी नुसते बोट टेकवले, तर पोराने हात मागे ओढला. विचारपूस केली तेव्हा कळले, की पोरगा रोज सकाळी क्रिकेटच्या अकादमीत गोलंदाजी करतो, संध्याकाळी आळीच्या संघात करतो आणि रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धा असतात. "सुटी कधी असते रे?" म्हणून विचारले, तर म्हणाला, "पाऊस पडला की."

वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, परवा सेमीफायनल आहे. एक इंजेक्शन मारून द्या, म्हणजे पोरगा उभा राहील. करिअरचा प्रश्न आहे हो."

मी इंजेक्शन दिले नाही. एक्स-रे लिहून दिला आणि निदान सहा आठवडे चेंडू फेकायचा नाही, असे सांगितले. गृहस्थांचा चेहरा पडला. "सहा आठवडे? तोवर दुसरा कोणीतरी त्याची जागा घेईल," असे म्हणत ते पायरी उतरले. मी त्यांना एका माणसाची गोष्ट सांगणार होतो, ती राहूनच गेली. आज ती सगळ्याच वाचकांना सांगतो. माणूस अमेरिकेतला आहे आणि खेळही तिकडचा. पण हाताची हाडे, स्नायू आणि शिरा सगळीकडे सारख्याच असतात.

चेंडू फेकणारा हात

२०१२ सालच्या एप्रिलमध्ये मी माझ्या धाकट्या भावाकडे डेन्व्हरला गेलो होतो. तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. जिना उतरताना गुडघा कुरकुरायचा आणि 'आता वय झालं' हे वाक्य माझ्याही तोंडी बसायला लागले होते. एका संध्याकाळी भावाने टीव्ही लावला आणि म्हणाला, "दादा, हा माणूस बघ. एकोणपन्नास वर्षांचा आहे."

पडद्यावर बेसबॉलचा सामना चालू होता. मैदानाच्या मधोमध मातीच्या छोट्या उंचवट्यावर एक सडपातळ माणूस डाव्या हातात चेंडू धरून उभा होता. त्याचे नाव जेमी मॉयर.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. आपल्या गोलंदाजाचा तो भाऊबंद, पण एक मोठा फरक आहे. आपला गोलंदाज धावत येतो आणि नियमाप्रमाणे हात जवळजवळ सरळ ठेवून चेंडू टाकतो. पिचर मात्र जागेवर उभा राहून, कोपर वाकवून, हात मागे ताणून दगड भिरकावल्यासारखा चेंडू फेकतो. फलंदाज त्याच्यापासून सुमारे साडेअठरा मीटरवर असतो. चेंडूचे वजन साधारण १४५ ग्रॅम. म्हणजे वजन ऐकून कोणी घाबरावे असे काही नाही. पण तो ताशी दीडशे किलोमीटरने भिरकवायचा, तोही एका सामन्यात ऐंशी-नव्वद वेळा, म्हणजे खांदा आणि कोपर यांची रोजची परीक्षाच. फेकीच्या क्षणी खांदा शरीरातल्या इतर कोणत्याही हालचालीपेक्षा वेगाने फिरतो. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाला हाड बांधून ठेवणारी जी चिवट पट्टी असते, तिच्यावर प्रत्येक चेंडूला इतका ताण येतो की भोवतालच्या स्नायूंनी भार उचलला नाही तर एकटी पट्टी टिकणार नाही.

म्हणूनच पिचरचे आयुष्य लहान असते. बहुतेकांचा हात तिशी-पस्तिशीत बोलायला लागतो. मग एकोणपन्नासाव्या वर्षी हा माणूस तिथे काय करत होता?

चौतीस विजय, चोपन्न पराभव

मॉयर हा काही लहानपणापासून वाजतगाजत आलेला खेळाडू नव्हे. त्याचा जन्म १९६२ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातला. साउडरटन नावाच्या लहानशा गावात तो वाढला. जवळचे मोठे शहर फिलाडेल्फिया. १९८० साली तिथला फिलीज संघ अजिंक्यपद जिंकला, तेव्हा विजयी मिरवणूक बघायला शाळा बुडवून गेलेल्या पोरांमध्ये सतरा वर्षांचा मॉयरही होता.

१९८६ च्या जूनमध्ये शिकागो कब्ज या संघाकडून तो वरच्या दर्जाच्या व्यावसायिक स्पर्धेत पहिल्यांदा उतरला. समोर फिलीज आणि त्यांचा पिचर स्टीव्ह कार्लटन, म्हणजे लहानपणी ज्याला देव मानले तोच. पहिल्याच सामन्यात मॉयरने त्याच्यावर मात केली. एखाद्या सिनेमात यानंतर नायकाची चढती कमान दाखवली असती. इथे झाले उलटे.

मॉयरच्या हातात वेग नव्हता. त्याचा सर्वांत जोरकस चेंडूही ताशी १३०-१३५ किलोमीटरच्या आसपास. बेसबॉलमध्ये तो मध्यमसुद्धा धरत नाहीत. शिकागोने त्याला १९८८ च्या शेवटी टेक्सासला दिला. टेक्सासने दोन हंगामांनी सोडला. सेंट लुईसने घेतला, तिथे १९९१ मध्ये पाच सामने हरला, एकही जिंकला नाही. तिथूनही गच्छंती. १९९२ च्या वसंतात पुन्हा शिकागोच्या दारात गेला, तर हंगाम सुरू होण्याआधीच त्यांनी नारळ दिला आणि प्रशिक्षकाची नोकरी पुढे केली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तशी गत. सहा हंगामांचा हिशेब होता ३४ विजय आणि ५४ पराभव. वय एकोणतीस. लग्न झालेले, घरात लहान मूल. सासरे स्वतः बास्केटबॉलचे नामांकित प्रशिक्षक. त्यांनीही सुचवले, की आता दुसरे काही बघावे.

वाचकहो, आपल्याकडे अशा वेळी काय होते ते आपण जाणतोच. नातेवाईक समजूत घालतात, मित्र पाठीवर हात ठेवतात आणि माणूस निमूटपणे जागा सोडतो. मॉयरने प्रशिक्षकाची नोकरी नाकारली आणि १९९२ चा हंगाम टोलेडो या गावात खालच्या दर्जाच्या स्पर्धेत काढला. एकदा वर खेळलेल्या माणसाने पुन्हा तालुक्याच्या संघात उतरावे, तसे ते होते. पगार कमी, प्रवास बसचा, टाळ्या थोड्या. पण तिथे त्याने दहा सामने जिंकले.

पुढच्या वर्षी बाल्टिमोरने त्याला बोलावले आणि मग जे झाले ते आकड्यांतच सांगतो. मॉयरने वरच्या स्पर्धेत एकूण २६९ सामने जिंकले. त्यांतले २३५ वयाची तिशी ओलांडल्यावर. ज्या वयात त्याला घरी बसायला सांगितले होते, तिथून त्याचा खरा खेळ सुरू झाला.

वेग नाही, मग काय?

मला डॉक्टर म्हणून कुतूहल वाटले ते इथे. तिशीनंतर त्याच्या हातात नवे बळ आले होते का? मुळीच नाही. वेग तितकाच राहिला, उलट वयाप्रमाणे कमीच होत गेला. त्याने बदलली ती वापरण्याची रीत.

एक म्हणजे, जो वेग आपल्याकडे नाही त्याच्यामागे धावणे त्याने सोडले. त्याचे मुख्य हत्यार होते मंद चेंडू. हात तसाच झपाट्याने यायचा, फलंदाजाला वाटायचे चेंडू जोरात येतोय. पण तो यायचा पंधरा-सोळा किलोमीटर सावकाश. फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेलेली असायची. वेग थोडा, पण चेंडू हवा तिथेच पडायचा. आपल्या नाशिकचे बापू नाडकर्णी आठवा. १९६४ साली मद्रासच्या कसोटीत त्यांनी ओळीने २१ निर्धाव षटके टाकली, ती काही वेगाच्या जोरावर नव्हे. अचूकपणाला वय नसते.

दुसरे म्हणजे, मनाची तालीम. १९९१ च्या शरद ऋतूत, अगदी पडत्या काळात, मॉयर हार्वी डॉर्फमन नावाच्या क्रीडा मानसतज्ज्ञाकडे गेला. निकाल आपल्या हातात नसतो, पुढचा चेंडू तेवढा आपल्या हातात असतो, हा धडा त्याने तिथे गिरवला. ऐकायला सोपे वाटते. पण माझ्याकडे मधुमेहाचे जे रुग्ण येतात, त्यांना 'साखर एकदम किती उतरली?' याचीच घाई असते; आजचे चालणे झाले का, हा प्रश्न त्यांना नको असतो. म्हणून हा धडा मला खेळापुरता वाटत नाही.

आणि तिसरे, नियम. बेसबॉलच्या एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणून डावाची सुरुवात करणारा पिचर एकदा खेळला की साधारण चार दिवस थांबतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा उभा राहतो. ते चार दिवस आळसाचे नसतात. हलका व्यायाम, हलकी फेक, झोप, पुढच्या फलंदाजांचा अभ्यास. विश्रांती ही त्या कामातलीच एक पायरी असते. मॉयर हे वर्षानुवर्षे करत राहिला. पंचवीस हंगामांत त्याने ६३८ सामन्यांची सुरुवात केली.

फळ उशिरा आले, पण आले. सिअ‍ॅटल संघाकडून २००१ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, त्याने २० सामने जिंकले. २००३ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, २१. मग २००६ मध्ये तो फिलाडेल्फियाच्या संघात गेला, ज्यांच्या मिरवणुकीसाठी शाळा बुडवली होती त्याच संघात. २००८ च्या अंतिम मालिकेत पोट बिघडलेले असताना, पावसामुळे रात्री दहानंतर सुरू झालेल्या सामन्यात, पंचेचाळीस वर्षांच्या मॉयरने सहा डावांहून अधिक वेळ चेंडू फेकला. फिलीज अजिंक्यपद जिंकले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला उभा राहिलेला पोरगा या वेळी मिरवणुकीच्या गाडीवर होता.

त्याच्या नावावर आणखी एक विक्रम आहे. वरच्या स्पर्धेच्या इतिहासात सर्वांत जास्त होमरन, म्हणजे आपले षटकार म्हणा, त्याच्याच चेंडूंवर मारले गेले. तब्बल ५२२. कोणाला हा कलंक वाटेल. पण ५२२ वेळा मार खाऊन पुढचा चेंडू टाकायला जो उभा राहतो, त्याच्याच नावावर हा विक्रम लागू शकतो.

कोपरातली दोरी

२०१० च्या जुलैमध्ये सेंट लुईसच्या मैदानावर मॉयरचा डावा कोपर दुखावला. वय सत्तेचाळीस. त्याने विश्रांती घेतली आणि नोव्हेंबरात डॉमिनिकन प्रजासत्ताकात हिवाळी सामने खेळायला गेला. तिथे आतल्या बाजूची ती पट्टी फाटली. डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. ही शस्त्रक्रिया कशी जन्मली, तीही हकिकत ऐकण्यासारखी आहे.

१९७४ साली लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरातली हीच पट्टी सामना चालू असताना तुटली. तोपर्यंत असा खेळाडू घरी जायचा, दुसरा उपाय नव्हता. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी एक वेगळा विचार केला. मनगटात एक बारीक, लांब दोरीसारखा स्नायुबंध असतो, जो काढून घेतला तरी हाताचे काम अडत नाही. तो काढून कोपरात बसवला तर? २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्यांनी टॉमी जॉनच्या उजव्या मनगटातला हा बंध काढला, डाव्या कोपराच्या हाडांना भोके पाडली आणि खाटेची सुंभ विणावी तसा तो त्यांतून ओवला. यश किती? शंभरात एक, असे जोब यांनी स्वतःच सांगितले होते.

वाचकहो, ती दोरी आपल्या हातात पाहायची असेल तर अंगठा आणि करंगळीचे टोक एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध ताणलेली तार दिसेल. नाही दिसली तर घाबरू नका. बऱ्याच लोकांच्या एका किंवा दोन्ही हातांत ती जन्मतःच नसते आणि त्यांचे काहीही अडत नाही.

टॉमी जॉनने १९७५ चे अख्खे वर्ष वाट पाहण्यात आणि व्यायामात काढले. मधे हाताच्या नसेसाठी आणखी एक शस्त्रक्रिया झाली. १९७६ मध्ये तो परतला. शस्त्रक्रियेआधी त्याचे १२४ विजय होते, नंतर त्याने आणखी १६४ मिळवले आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला पुढे डॉक्टरांचे नव्हे, रुग्णाचेच नाव पडले. आज जगभर ती 'टॉमी जॉन' म्हणूनच ओळखली जाते.

मॉयरला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे करून घ्यायची काय गरज होती, असा प्रश्न कोणालाही पडेल. पैसा होता, नाव होते. पण त्याला आपला शेवट आपल्या पायांनी गाठायचा होता. २०११ चे पूर्ण वर्ष गेले. २०१२ मध्ये कोलोरॅडो रॉकीज या संघाने त्याला चाचणीसाठी बोलावले. हा त्याचा आठवा संघ.

एकोणपन्नासाव्या वर्षी

तो एप्रिलचा १७ तारखेचा सामना आम्ही भावाच्या घरी बघत होतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंच. तिथली हवा विरळ, त्यामुळे मारलेला चेंडू लांब जातो आणि पिचर लोक या मैदानाला भिऊन असतात. मॉयरने सात डाव टाकले. वेग एखाद्या कॉलेजच्या पोरालाही लाजवील इतका कमी. पण समोरचे पंचविशीतले फलंदाज चाचपडत राहिले. रॉकीजने सॅन डिएगोला ५-३ ने हरवले आणि मॉयर ४९ वर्षांचा असताना वरच्या स्पर्धेतला सर्वांत वयस्कर विजयी पिचर ठरला. १९३२ पासूनचा जॅक क्विनचा विक्रम मोडला.

भाऊ टाळ्या वाजवत होता. मी मात्र हिशेब करत होतो. शस्त्रक्रिया ते विजय, सोळा महिने. एका चेंडूसाठी सोळा महिने. आणि तेव्हा मला माझ्या गावचा एक पोरगा आठवला, ज्याला मी सोळा तासही दिले नव्हते. त्याचे पुढे सांगतो.

त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस रॉकीजने मॉयरला सोडले. आणखी दोन संघांच्या खालच्या दर्जाच्या तुकड्यांत त्याने प्रयत्न केला, पण जमले नाही. शरीराने शेवटी आपला निकाल दिलाच. कोणताही डॉक्टर, कोणताही व्यायाम तो कायमचा टाळू शकत नाही. पण तो एकोणतिसाव्या वर्षी लागायचा की एकोणपन्नासाव्या, यात थोडाफार वाटा आपलाही असतो.

शस्त्रक्रिया म्हणजे वरदान नव्हे

इथे एक धोक्याची सूचना. अमेरिकेत या शस्त्रक्रियेचे यश बघून काही पालकांची समजूत झाली, की ती केल्यावर हात आधीपेक्षा जोरकस होतो. चांगला हात असलेल्या मुलांवरही ती करा, अशी मागणी डॉक्टरांकडे येऊ लागली. ही समजूत चूक आहे. नवी दोरी मूळ पट्टीपेक्षा चांगली नसते. खेळाडू परततो तो दीड वर्षाच्या नेटाच्या व्यायामामुळे, आणि काहीजण परततच नाहीत.

लहान मुलांचे तर आणखी वेगळे. मुलाच्या कोपराच्या आतला उंचवटा पंधरा-सतरा वर्षांपर्यंत बाकीच्या हाडाला कूर्चेने जोडलेला असतो. कूर्चा म्हणजे नुकत्याच ओतलेल्या सिमेंटसारखी, अजून ओली. सतत फेकीचा ताण आला की पट्टी तुटण्याआधी ही कूर्चाच सुटू लागते. अमेरिकेत याला लहान खेळाडूंचा कोपर असेच नाव आहे. म्हणून तिथे मुलांनी दिवसाला किती चेंडू टाकावेत याच्या मर्यादा ठरवल्या आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ च्या वर नाही. ६६ किंवा अधिक टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती. आणि वर्षातून निदान चार महिने फेक पूर्ण बंद.

आपल्याकडे सरळ हाताने गोलंदाजी करणाऱ्या मुलांचा कोपर सहसा वाचतो. त्यांची कंबर आणि खांदा आधी बोलतात. पण टेनिस बॉलच्या स्पर्धांत हात मारून फेकी गोलंदाजी सर्रास चालते, सीमारेषेवरून जोरदार फेक असते, आणि हल्ली भालाफेकीकडेही मुले वळली आहेत. नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर २०१९ च्या मे महिन्यात मुंबईतच शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याने सोडली, पुढच्या जानेवारीत स्पर्धेत परतला आणि २०२१ मध्ये टोकियोला सुवर्णपदक घेतले. पदक सगळ्यांना ठाऊक आहे. मधले ते थांबणे किती पालकांना ठाऊक आहे?

माझी चूक

आता माझ्या गावच्या त्या पोराविषयी. गोष्ट १९९९ च्या आसपासची. दवाखाना सुरू करून चार-पाच वर्षे झाली होती. पंधरा वर्षांचा एक मुलगा मित्रांबरोबर आला. कोपराची आतली बाजू दुखत होती, दुसऱ्या दिवशी टेनिस बॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. दारात सात-आठ पोरे उभी. गावाची अब्रू, कपाचा प्रश्न. मला तेव्हा 'डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' हे ऐकायला आवडत असे. मी दुखऱ्या जागी इंजेक्शन दिले. रात्रीत दुखणे थांबले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या षटकात चेंडू टाकताना कोपरात काडकन आवाज आला. कूर्चेपासून हाडाचा तुकडाच सुटला होता. दुखणे ही शरीराने वाजवलेली घंटा होती. मी घंटेची वायर कापली होती.

जिल्ह्याच्या ठिकाणी स्क्रू घालून शस्त्रक्रिया झाली. हात वाचला, पण कोपर पुरता सरळ कधीच झाला नाही. तो मुलगा आज चाळिशीचा गृहस्थ आहे आणि आमच्या रस्त्याच्या तोंडाशी किराणा दुकान चालवतो. वरच्या फळीवरचा डबा काढायचा असला, की डावा हात वर करतो. मला त्याने कधी एका शब्दाने बोल लावला नाही. बाकी बिलात चहापत्तीचे पैसेही कधी कधी धरत नाही. मी मात्र त्याच्या दुकानात गेलो, की त्या डाव्या हाताकडे बघतो.

म्हणून गेल्या महिन्यात आलेल्या त्या वडिलांना मी इंजेक्शन दिले नाही.

पालकांनी आणि खेळाडूंनी काय करावे

१) मुलाचा कोपर, खांदा किंवा कंबर खेळताना दुखत असेल तर त्या दिवशी खेळ थांबवावा. दुखणे दाबून खेळवू नये. वेदनाशामक गोळी घेऊन सामना खेळणे म्हणजे दुखणे पुढे ढकलून मोठे करणे.

२) दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीने न थांबणारे दुखणे, सूज, हात पूर्ण सरळ न होणे किंवा करंगळीत मुंग्या येणे, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढावा.

३) एकाच काळात दोन-तीन संघांकडून खेळू देऊ नये. प्रत्येक प्रशिक्षक आपल्यापुरते चेंडू मोजतो. मुलाचा हात मात्र सगळे मिळून मोजतो. वहीत रोजचे चेंडू घरीच लिहून ठेवावेत.

४) वर्षातून काही महिने फेकीचा खेळ बंद ठेवून पोहणे, धावणे, कबड्डी, खो-खो असे काहीतरी वेगळे खेळू द्यावे.

५) पाय, कंबर आणि पोटाचे स्नायू बळकट करावेत. चेंडू हातातून सुटतो, पण जोर जमिनीतून पायांमार्गे येतो. पाय कच्चे असले की सगळा भार कोपरावर पडतो.

६) चाळिशी-पन्नाशीच्या वाचकांनी 'आता वय झालं' म्हणून खुर्चीत बसू नये आणि एका दिवसात तरुण व्हायलाही जाऊ नये. रोज थोडे, पण चुकवू नये. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

त्या मुलाचा एक्स-रे दुसऱ्याच आठवड्यात आला. कूर्चेची फट रुंदावली होती, पण तुकडा जागेवर होता. वेळेत सापडला. वडील गप्प बसून फिल्म बघत होते. मग मी त्यांना मॉयरची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणालो, "त्या माणसाकडे वेळ अगदी थोडा उरला होता, तरी त्याने सोळा महिने वाट बघितली. तुमच्या पोराचं अख्खं आयुष्य पुढे आहे. त्याला सहा आठवडे द्यायला काय हरकत आहे?"

वडिलांनी उत्तर दिले नाही. पोरानेच विचारले, "डॉक्टर, तोवर मी फिल्डिंगला उभा राहू का? चेंडू डाव्या हाताने परत देईन."

"फिल्डिंगही नको," मी म्हटले. "स्कोअर लिही. फलंदाज कुठे चुकतात ते बघून वहीत टिपून ठेव."

परवा तो दाखवायला आला होता. दुखणे बरेच कमी आहे. वही सोबत आणली होती, अर्धी भरली आहे.